जुना आजार आणि नवा दाखला : कामगार विम्याच्या इतिहासातून

शासनाच्या एखाद्या कल्याणकारी योजनेचा अभ्यास करायचा असेल, तर मी प्रथम तिचे अर्ज आणि प्रमाणपत्रांचे नमुने पाहतो. योजनेचा हेतू कायद्यात लिहिलेला असतो. परंतु ती आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोणता माणूस होता, हे अर्जातील रकाने सांगतात. कामगारांच्या आरोग्य विम्यासाठी १९५० मध्ये नियम तयार झाले. त्यांतील प्रमाणपत्रांची नावे पाहावीत : प्रथम प्रमाणपत्र, मध्यंतर प्रमाणपत्र आणि अंतिम प्रमाणपत्र. माणूस आजारी पडतो, काही दिवस घरी राहतो, बरा होतो आणि कामावर परततो, असे चित्र या तीन नावांमागे आहे. विषमज्वर, हिवताप किंवा हाड मोडणे यांना ते चपखल लागू पडते. मधुमेह, दमा, निकामी झालेले मूत्रपिंड किंवा हृदयविकार यांना मात्र 'अंतिम' नावाचा कागदच नसतो. अशा रुग्णाची पात्रता कशी ठरवावी आणि किती वेळा ठरवावी, हा प्रश्न आपल्याकडे गेली सत्तर वर्षे तुकड्यातुकड्यांनी सोडवला जात आहे. त्या इतिहासातून प्रशासनाला काही शिकता येईल का, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

या कथेचा आरंभ एका मराठी अर्थशास्त्रज्ञापासून होतो. कामगारांना आजारपणाचा विमा असावा ही सूचना १९३१ मध्ये व्हिटले आयोगाने केली होती. परंतु तिला आकार आला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. मार्च १९४३ मध्ये भारत सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. इंग्लंडमध्ये बेव्हरिज यांचा सुप्रसिद्ध अहवाल नुकताच, म्हणजे १९४२ च्या अखेरीस, प्रसिद्ध झाला होता आणि त्याची चर्चा सर्वत्र होती. आडारकरांनी आपला अहवाल १५ ऑगस्ट १९४४ रोजी सादर केला. योजना सक्तीची व अंशदानावर आधारित असावी, आर्थिकदृष्ट्या भक्कम असावी, या तत्त्वांबरोबरच ती साधी, स्पष्ट व सरळ असावी आणि तिच्यातून कमीत कमी वाद व खटले उद्भवावेत, हेही त्यांनी मूलभूत तत्त्व म्हणून मांडले होते. साधेपणा ही नंतर सुचलेली सुधारणा नव्हती. तो योजनेच्या पायातच होता.

मग तो कोठे हरवला? माझ्या मते त्याचे एक उत्तर पुढच्याच वर्षात सापडते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे दोन तज्ज्ञ, मॉरिस स्टॅक आणि राव, यांनी १९४५ मध्ये आडारकर योजनेची तपासणी केली. मूळ तत्त्वे त्यांनी मान्य केली. मात्र वैद्यकीय सेवेचे प्रशासन आणि रोख रकमेचे प्रशासन वेगवेगळे ठेवावे, असे सुचवले. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात हीच रचना आली. कलम ५८ अन्वये उपचाराची जबाबदारी राज्य सरकारकडे गेली आणि आजारपणातील रोख लाभ केंद्रीय महामंडळाकडे राहिला. आरोग्य हा प्रांतांचा विषय असल्यामुळे ही विभागणी तर्कशुद्ध होती. तथापि, दवाखान्यातला डॉक्टर एका सरकारचा आणि पैसे देणारे शाखा कार्यालय दुसऱ्याचे, अशी स्थिती झाली. या दोहोंमधला दुवा म्हणजे कामगाराच्या हातातला कागद. त्या कागदावर विश्वास कितपत ठेवावा, हे ठरवण्यासाठी महामंडळाने स्वतःचे वैद्यकीय तपासनीस नेमले. त्यांना 'मेडिकल रेफरी' म्हणतात. अशा रीतीने एका आजाराला दोन परीक्षक मिळाले.

योजनेचे उद्घाटन २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते झाले आणि त्याच दिवशी दिल्लीतही ती सुरू झाली. मुंबईत ती १९५४ मध्ये आली. तत्कालीन मद्रास राज्यात १९५५ मध्ये, प्रथम कोइमतूर येथे, तिचा आरंभ झाला. आपल्याकडे राज्य कामगार विमा योजना म्हटले की परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय आणि गिरणगाव डोळ्यांसमोर येते. गिरणी हा मोठा मालक होता. हजारो कामगार एका छपराखाली, वर्षानुवर्षे एकाच नोकरीत, आणि हजेरीपट एकाच कचेरीत. योजनेचे अनेक नियम या स्थिर नोकरीला डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. ज्या ठिकाणी नोकरी इतकी स्थिर नाही, तेथे तेच नियम कसे लागू पडतात, हे पाहण्यासाठी मी चेन्नईच्या अंबत्तूरचे उदाहरण घेतो.

अंबत्तूर हे चेन्नईच्या वायव्येस, अरक्कोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेले आहे. २०११ मध्ये ते चेन्नई महानगरपालिकेत समाविष्ट झाले. तोपर्यंत त्याची स्वतंत्र नगरपालिका होती. टीआय सायकल्सचा कारखाना येथे १९४९ मध्ये उभा राहिला. शेजारच्या पाडी भागात टीव्हीएस समूहाचे मोटारींचे सुटे भाग बनवणारे कारखाने आले. या मोठ्या कारखान्यांना माल पुरवणाऱ्या लहान उद्योगांसाठी १९६४ मध्ये अंबत्तूर औद्योगिक वसाहत स्थापन झाली. हजार एकरांहून अधिक जागेवर पसरलेल्या या वसाहतीत यंत्रकाम, पत्राकाम, ओतकाम, वेल्डिंग, रबर, छपाई असे नाना व्यवसाय चालतात. कामानिमित्त चेन्नईला गेलो असता या वसाहतीतून फिरण्याचा योग मला आला होता. आपल्या पिंपरी-चिंचवडला किंवा नाशिकच्या सातपूरला राहिलेल्या माणसाला तेथे परके वाटण्याचे कारण नाही. तीच लहान गाळ्यांची रांग, तोच प्रेसचा आवाज, तेच दारावर लटकवलेले 'कामगार पाहिजेत' असे फलक, फक्त तमिळ लिपीतले.

मूळ कायदा वीस किंवा अधिक कामगार असलेल्या, विजेवर चालणाऱ्या कारखान्यांना लागू होता. १९८९ च्या दुरुस्तीने ही संख्या दहावर आली आणि अंबत्तूरसारख्या वसाहतींतील पुष्कळ लहान गाळे योजनेच्या कक्षेत आले. ही फार मोठी सुधारणा होती. परंतु लहान गाळ्यातला कामगार गिरणी कामगाराप्रमाणे एकाच जागी टिकत नाही. मागणी घटली की काम सुटते. दोन-तीन महिन्यांनी ते दुसऱ्या गाळ्यात मिळते. योजनेची सदस्यता मात्र अंशदानाच्या दिवसांवर मोजली जाते. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च हे अंशदानाचे दोन कालखंड असून, आजारपणाचा नेहमीचा लाभ मिळण्यासाठी त्यांपैकी एका कालखंडात ७८ दिवसांचे अंशदान लागते. एप्रिल ते सप्टेंबरच्या अंशदानाचा लाभ पुढील जानेवारी ते जूनमध्ये मिळतो.

आता दीर्घकालीन आजाराकडे येऊ. मूळ योजनेत आजारपणाचा रोख लाभ वर्षातून ५६ दिवस होता. पुढे तो ९१ दिवसांचा झाला. परंतु क्षयरोगाने आजारी असलेल्या कामगाराला इतके दिवस पुरत नाहीत, हे अगदी प्रारंभीच लक्षात आले. कायद्याच्या कलम ९९ मध्ये लाभ वाढवण्याचा अधिकार होता. त्यातून 'विस्तारित आजारपण लाभ' जन्माला आला : आधी क्षयरोग, मग कुष्ठरोग, मानसिक विकार, कर्करोग, आणि अशी ती यादी वाढत ३४ आजारांपर्यंत पोहोचली. या लाभात वेतनाच्या ८० टक्के रक्कम मिळते आणि मुदत दोन वर्षांपर्यंत वाढवता येते. नेहमीच्या लाभाचा दर ७० टक्के आहे. प्रमाणपत्रांच्या बाबतीतही सवलत मिळाली. मध्यंतर प्रमाणपत्र दर आठवड्याला घ्यावे लागे. लांबलेल्या आजारासाठी चार आठवड्यांपर्यंत चालणारे विशेष मध्यंतर प्रमाणपत्र आले. प्रशासनाने अनुभवातून शिकून नियम बदलल्याचे हे चांगले उदाहरण आहे, आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे.

तथापि, यादी बारकाईने वाचली की तिची मर्यादा दिसते. मधुमेह यादीत आहे, पण डोळ्याचा पडदा, पाय किंवा मूत्रपिंड यांवर परिणाम झाल्यानंतरचा. फुप्फुसांचा अडथळ्याचा जुनाट विकार आहे, पण हृदय निकामी होऊ लागल्यानंतरचा. यकृताचा विकार आहे, पण पोटात पाणी झाल्यानंतरचा. म्हणजे आजाराने शरीर पुरेसे खचवल्यावरच त्याची ओळख पटते. तोपर्यंतचा मधुमेही आणि साधा दमेकरी ताप आलेल्या माणसाच्याच रांगेत उभा असतो. शिवाय या विस्तारित लाभासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि चार अंशदान कालखंडांत मिळून १५६ दिवसांचे अंशदान, अशी अट ठेवण्यात आली. अंशदानाचे दिवस अंबत्तूरच्या कामगाराकडे असू शकतात. 'सलग' हा शब्द त्याला अडवतो.

ताप आलेल्या माणसासाठी केलेला नियम जुनाट रुग्णाला कसा भोवतो, याचे एक लहान गणित मांडतो. १९४८ च्या कायद्याच्या कलम ४९ नुसार आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा लाभ मिळत नसे. अपवाद एवढाच, की मागचे आजारपण संपून पंधरा दिवसांहून अधिक काळ लोटलेला नसावा. किरकोळ कारणासाठी कोणी लाभ मागू नये, हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. आता एखाद्या दमेकरी कामगाराला दर महिन्याला तीन दिवस अंथरूण धरावे लागते असे समजू. वर्षात तो ३६ दिवस आजारी असेल. प्रत्येक खेपेस पहिले दोन दिवस वजा होतील. म्हणजे २४ दिवस विनामोबदला आणि लाभ फक्त १२ दिवसांचा. सलग ३६ दिवस आजारी पडलेल्या माणसाला ३४ दिवसांचा लाभ मिळाला असता. दोघांचे अंशदान सारखे, आजारपणाचे दिवस सारखे. कोणीही अन्याय करायचे ठरवले नव्हते. नियमाने फक्त दुसऱ्या प्रकारचा माणूस पाहिलेला नव्हता.

याच कायद्याने एका वेगळ्या बाबतीत किती समंजस पद्धत स्वीकारली होती, हेही पाहण्यासारखे आहे. यंत्रावर काम करताना अंगठा गेला, तर दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे कमाईच्या क्षमतेतील घट ३० टक्के धरली जाते. एक डोळा जाऊन दुसरा शाबूत असेल तर ४० टक्के. वैद्यकीय मंडळ एकदा निर्णय देते आणि तो अंतिम असेल तर पुढे कामगाराला केवळ हयातीचा दाखला द्यावा लागतो. तुटलेला अंगठा पुन्हा उगवला का, असे दर महिन्याला कोणी विचारत नाही. निकामी झालेले मूत्रपिंडही आपोआप पूर्ववत होत नाही. परंतु अंगठ्याला टक्केवारी मिळाली आणि मूत्रपिंडाला चार आठवड्यांचे प्रमाणपत्र. प्रेसवर अंगठा गमावणे हे अंबत्तूरमधले जुने भय आहे. मधुमेहाने पाय गमावणे हे तितकेच खरे, पण हळूहळू येणारे. कायद्याला पहिले चटकन कळले.

या सर्व इतिहासातून मला असे दिसते, की आपण तीन निराळे प्रश्न एकाच कागदात बांधून ठेवले. पहिला प्रश्न, हा माणूस आपला सदस्य आहे का? दुसरा, त्याला हा आजार आहे का? तिसरा, आज तो काम करू शकतो का? पहिल्याचे उत्तर कार्यालयाच्याच नोंदीत असते. दुसऱ्याचे उत्तर दीर्घकालीन आजारात एकदाच मिळते आणि बदलत नाही. खरोखर बदलते ते फक्त तिसऱ्याचे उत्तर. तपासणीची गरज असेल तर ती तेथे आहे, आणि लबाडीची शक्यताही तेथेच आहे. तिन्ही प्रश्न दर वेळी रुग्णालाच विचारल्याने लबाडी थांबत नाही. थकते ते रुग्णाचे शरीर. तालुका पातळीवर काम करताना संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या निमित्ताने क्षय, कर्करोग, कुष्ठरोग अशा आजारांचे लाभार्थी मी जवळून पाहिले आहेत. जिना चढून दाखला आणण्याची ताकद ज्याच्यात कमी, त्यालाच दाखल्याची गरज जास्त, हा विरोधाभास तेथे रोज दिसतो.

असे प्रश्न वेगळे करणे अशक्य नाही, हे इतर अनुभवांवरून सिद्ध झाले आहे. इंग्लंडमध्ये काम करण्याच्या क्षमतेची वारंवार होणारी तपासणी ही मोठ्या असंतोषाचे कारण ठरली होती. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तेथील मंत्री डेमियन ग्रीन यांनी जाहीर केले, की ज्यांचा गंभीर आजार सुधारण्याची शक्यता नाही, त्यांची फेरतपासणी थांबवली जाईल. २०१७ मध्ये ते अमलात आले. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, त्यांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजार आले. आणि जेथे स्थितीत बदलाची शक्यता नाही, तेथे कायमस्वरूपी प्रमाणपत्र देण्याची तरतूद नियमांत आहे.

दुसरा मार्ग पात्रतेची परीक्षाच कमी करण्याचा. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना शिधापत्रिकेच्या रंगावर पात्रता ठरवत असे. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि १ जुलै २०२४ पासून ती राज्यातील सर्व कुटुंबांना खुली झाली. रंगाचा प्रश्न मागे पडला. तमिळनाडूने तर ५ ऑगस्ट २०२१ रोजी 'मक्कळै तेडि मरुत्तुवम' ही योजना सुरू केली. नावाचा अर्थच 'लोकांना शोधत येणारे वैद्यक' असा आहे. महिला आरोग्य स्वयंसेविका घरोघर जाऊन रक्तदाब व मधुमेह तपासतात आणि ज्यांना गरज आहे त्यांना औषधे घरपोच देतात. येथे रुग्ण दवाखान्याकडे पुरावा नेत नाही, दवाखाना रुग्णाकडे जातो. कामगार विम्यानेही काही पावले टाकली. २०१८ मध्ये अतिविशेष उपचारांसाठीची दोन वर्षांच्या नोकरीची अट सहा महिने व ७८ दिवस अंशदान इतकी खाली आणली गेली. संगणकीकरणानंतर विमा क्रमांक नोकरी बदलली तरी तोच राहतो. अंबत्तूरच्या कामगाराच्या दृष्टीने ही मोलाची गोष्ट आहे, कारण सदस्यतेचा पुरावा आता त्याच्या खिशात असण्याची गरज नाही.

सर्वांत अवघड गाठ मात्र वेतनमर्यादेची आहे. १९५२ मध्ये ही मर्यादा ४०० रुपये होती; २०१० मध्ये १५,००० आणि २०१७ मध्ये २१,००० झाली. दोन वाढींच्या मधल्या वर्षांत पगार वाढून मर्यादा ओलांडली की, चालू अंशदान कालखंड संपताच सदस्यता जाते. आजार जात नाही. महिना २१,००० रुपयांच्या वर म्हणजे वर्षाला अडीच लाखांहून अधिक. तमिळनाडूच्या मुख्यमंत्री आरोग्य विमा योजनेचे २०२२ मध्ये नूतनीकरण झाले, तेव्हा कुटुंबाची उत्पन्नमर्यादा १,२०,००० रुपये होती. त्यामुळे डायलिसिसवर असलेला कुशल कामगार एका योजनेसाठी थोडा जास्त आणि दुसऱ्या योजनेसाठी बराच जास्त कमावणारा ठरतो. पगारवाढ हे त्याच्या घरात चिंतेचे कारण व्हावे, यासारखी विसंगती नाही.

यावर तोडगा योजनेच्या आतच आहे, असे मला वाटते. पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी उपचार चालू ठेवता येतात, असा नियम पूर्वीपासून आहे. वयामुळे नोकरी संपली तरी नाते संपत नाही, हे तत्त्व तेथे मान्य केले आहे. तेच तत्त्व नोंदणीकृत दीर्घकालीन रुग्णाला लावावे. वेतनमर्यादा ओलांडली तर रोख लाभ थांबावा. उपचार मात्र वाजवी अंशदान घेऊन चालू राहावा. आजाराचे निदान तज्ज्ञाने एकदा करून विमा क्रमांकासमोर कायम नोंदवावे. 'सलग नोकरी' ऐवजी केवळ अंशदानाचे दिवस मोजावेत. नोंदलेल्या जुनाट आजाराला पहिल्या दोन दिवसांची कपात लावू नये. आणि काम करण्याच्या क्षमतेची तपासणी आजाराच्या स्वरूपाप्रमाणे, जवळच्या दवाखान्यात, ठरलेल्या अंतराने व्हावी.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू होऊन १९४८ च्या कायद्याची जागा तिने घेतली आहे. नवा कायदा आला की नवे नियम आणि नवे नमुने येतात. जुने रकाने नव्या कागदावर उतरवून घेणे हे कोणत्याही कार्यालयाला सर्वांत सोपे असते. आडारकरांनी १९४४ मध्ये मागितलेला साधेपणा आणायचा असेल, तर नमुना तयार करणाऱ्या अधिकाऱ्याने प्रत्येक रकान्यासमोर एवढेच विचारावे : हे उत्तर आपल्याकडे आधीच आहे का, आणि मागच्या वेळेपासून ते बदलू शकते का? पहिल्याचे उत्तर 'होय' किंवा दुसऱ्याचे 'नाही' असेल, तर तो रकाना रुग्णासाठी नाही.